अण्णांच्या मेंडोलिनचे पडदे मी का बदलले



लखनौच्या पोस्टिंगवर लिहायचं म्हटलं की लोक इमामबाडा, टुंडे कबाब आणि 'पहले आप' यांवर लिहितात. मीही लिहीन कधीतरी. आज मात्र चारबाग स्टेशनाजवळच्या एका गल्लीबद्दल आणि त्याहून जास्त एका भांडणाबद्दल लिहायचंय. भांडण माझं आणि आमच्या दादाचं. कारण, अण्णांच्या मेंडोलिनचे पडदे.

आधी थोडी ओळख. अण्णा म्हणजे आमचे वडील, परळच्या गिरणीत होते. गोवेकर मंडळी तेव्हा धोबी तलावच्या कुडांमध्ये राहायची. बोटीवर नोकरी मिळेपर्यंत तिथं मुक्काम, आणि मुक्कामात वाजवणं. त्यांतल्याच एकाकडून अण्णांनी हे मेंडोलिन जुन्यात घेतलं. पोट गोल, पपईच्या अर्ध्या फोडीसारखं, लाकडाच्या पट्ट्या जोडून केलेलं. आतलं लेबल तेव्हाच कसरीनं खाल्लेलं होतं, त्यामुळे ते कुठल्या देशाचं, किती सालचं, हे कुणालाच सांगता येणार नाही. गणपतीच्या मेळ्यात अण्णा ते वाजवायचे. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, तो लांबतच गेला, आणि अण्णा एक पत्र्याची पेटी आणि हे मेंडोलिन घेऊन मिरजेजवळच्या आमच्या गावी परत आले. पुढं शेतीच केली. पण रात्री जेवणानंतर अर्धा तास मेंडोलिन ठरलेलं. मी भरती झालो त्या आदल्या रात्रीही वाजवलं होतं.

अण्णा गेले. दादा वाजवत नाही. मी थोडंफार वाजवतो, म्हणून ते माझ्याकडे आलं. फौजीच्या काळ्या पेटीबरोबर ते चार पोस्टिंग फिरलंय.

आता पडदे म्हणजे काय, ते ज्यांनी फक्त पेटी-तबला पाहिलाय त्यांच्यासाठी. मेंडोलिनच्या गळ्यावर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. तार जिथं दाबाल त्याच्या पुढच्या पट्टीवर ती टेकते आणि तेवढीच लांबी वाजते. आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, जुळवणी व्हायोलिनसारखी. तारा पोलादी. सगळ्यांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास जातो, म्हणजे एक धडधाकट जवान कायम लोंबकळतोय असं समजा. आणि पडदे पितळेचे. पोलाद पितळेवर रोज अर्धा तास घासलं तर काय होणार? अण्णांचे पहिले पाच पडदे बारीक तारांच्या खाली असे खचले होते, की नख फिरवलं तर खाचेत अडकायचं. फीलर गेजनं मोजलं. दुसऱ्या पडद्याची उंची लाकडापासून अर्धा मिलिमीटरही उरली नव्हती. तिथं सूर निघत नव्हता, भुंगा निघत होता.

मी ईएमईचा, ट्रेडनं आर्मरर. आयुष्यभर झिजलेले भाग शोधणं आणि बदलणं हेच काम. तरी या पडद्यांना हात लावायला मला सात वर्षं लागली, कारण दादाचं म्हणणं मला खोडता येत नव्हतं. तो फोनवर म्हणाला होता, "आरं, त्या खाचा म्हंजी अण्णांची बोटं हायती. तू ती उपटून काढणार व्हय?"

काय उत्तर देणार?

एक प्रयत्न मात्र मी गुपचूप केला होता, तो दादाला आत्ता हा लेख वाचूनच कळेल. लखनौच्या आधीच्या एका शहरात (नाव घेत नाही) एका दुकानदारानं "दोन मिनिटांचं काम" म्हणून सगळ्यात झिजलेले दोन पडदे काढून नवीन ठोकून दिले. नवीन पडद्याची तार हल्ली इंग्रजी टी अक्षरासारखी असते. वर गोल डोकं, खाली पातळ पातं, पात्याला बारीक काटे. लाकडातल्या चिरेत पातं ठोकलं की काटे धरून ठेवतात. पण जुन्या मेंडोलिनचे पडदे तसे नसतात. त्यांना डोकं-पातं काही नसतं, उभी सपाट पट्टीच चिरेत बसवलेली असते, आणि त्यामुळे चीर रुंद असते. रुंद चिरेत पातळ पातं कसं टिकणार? त्यानं गोंद ओतला. वर्षभरात दोन्ही पडदे एका बाजूनं उचलले आणि निघताना शिसवीचा एक कपचाही घेऊन गेले. तो कपचा तिसऱ्या पडद्यापाशी आजही दिसतो. त्याच्या दुकानात भिंतीवर नवीन मेंडोलिन टांगलेली होती. मी तक्रार केली तर म्हणाला, ह्याच्यात पैसे घालवण्यापेक्षा तीन हजारात नवीन घ्या.

त्यानंतर एका सुट्टीत मी ते मिरजेला घेऊन गेलो. मिरज म्हणजे सतार-तंबोऱ्याचं माहेर. फरीदसाहेबांसारखे तिथले जुने कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे, आमच्याच लायनीतले म्हणा ना! संस्थानांच्या तलवारींचं काम आटलं तेव्हा त्या हातांनी भोपळा आणि तारा धरल्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मला वाटलं होतं, इथं तर काम होणारच. तिथल्या एका वयस्कर कारागिरानं वाद्य दहा मिनिटं फिरवून फिरवून पाहिलं आणि हात जोडले. म्हणाले, "सतारीचे पडदे आम्ही दोऱ्यानं बांधतो. सरकवता येतात, चुकलं तर सोडून परत बांधतो. हे ठोकायचं काम आहे. एकदा लाकूड फुटलं तर फुटलं. मला येत नाही, उगाच हात लावणार नाही." आधीच्या दुकानदारानंतर मला या माणसाच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. आपल्याला काय येत नाही हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारा मिस्त्री सापडणं म्हणजे अर्धी दुरुस्ती झालीच.

मग लखनौ आलं.

चारबाग स्टेशन ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी मुद्दाम पाहावं. लाल-पांढरे घुमट, छत्र्या, मनोरे. वरून पाहिलं तर मांडलेल्या बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं असं लखनौवाले सांगतात. पायाचा दगड १९१४ चा. १९१६ च्या डिसेंबरात काँग्रेस अधिवेशनाला याच शहरात आपले टिळक आले होते, आणि गांधी-नेहरूंची पहिली भेटही त्याच दिवसांत या स्टेशनावर झाली. शेजारी लखनौ जंक्शन, ज्याला इथले लोक अजून छोटी लाइन म्हणतात. आपली मुंबईची पुष्पक तिथूनच सुटायची. सुट्टीला जाताना-येताना मी जितका वेळ चारबागला काढलाय तितका कुठल्याही देवळात काढला नसेन.

स्टेशनातून बाहेर पडून नाका हिंडोल्याकडे चालत गेलं की हॉटेलं, ई-रिक्षांची गर्दी, चहाच्या टपऱ्या. त्यातल्या एका गल्लीत हार्मोनियम दुरुस्तीचं दुकान आहे, दुकान कसलं, एक ओटा आणि मागं अंधारी खोली. या शहरात पेटीदुरुस्ती हा हलका धंदा समजू नका. नौशादसाहेब याच लखनौचे, आणि पोरवयात त्यांनी हार्मोनियमच दुरुस्त केल्या. चाचांचं वय सत्तरीच्या पुढं. मी मेंडोलिन समोर ठेवलं. त्यांनी आधी तारा सैल केल्या, मग पडद्यांवरून आडवं बोट फिरवलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "किसका है?"

कितीचं आहे नाही, कुठलं आहे नाही. किसका है. मी सांगितलं. अण्णा, गिरणी, संप, दादाचं म्हणणं, सगळं. चहा दोनदा आला.

मग ते म्हणाले, "फौजी साहब, पर्दे तो घिसने के लिए ही होते हैं. लकड़ी को बचाइए."

हे वाक्य ऐकल्यावर मला माझाच ट्रेड आठवला. रायफलीचं बघा. फायरिंग पिन बदलते, स्प्रिंग बदलते, ठरलेल्या फैरींनंतर बॅरलसुद्धा बदलते. तरी बॉडीवरचा नंबर तोच असतो आणि जवानाला विचाराल तर तो छातीठोकपणे म्हणेल, ही माझीच रायफल. बुश आणि शाफ्टचंही तेच. महागड्या शाफ्टला वाचवायला मऊ धातूचा बुश मुद्दाम घालतात. बुश झिजला म्हणून कोणी रडत नाही, तो झिजतो म्हणूनच शाफ्ट टिकतो. आणि चाचांच्या ओट्यावरून दिसणारं चारबाग तरी काय? घुमट शंभर वर्षांचे असतील, पण खालचे रूळ कुणी १९१४ चे ठेवलेत का? ठेवले असते तर पुष्पक कल्याणपर्यंत तरी पोचली असती का?

जुन्या वाद्यांच्या बाबतीत हल्ली एक खूळ वाढलंय. मूळ तेच ठेवा, काहीही बदलू नका, किंमत जाते. ज्याला काचेच्या कपाटात ठेवायचंय त्यानं खुशाल ठेवावं. पण वाजवायचं वाद्य न वाजण्याच्या अवस्थेत 'जपणं' म्हणजे निवृत्त जवानाला रोज इस्त्रीचा युनिफॉर्म घालून खुर्चीत बसवून ठेवण्यासारखं आहे. आणि याच्या उलट टोकाला तो तीन हजारात नवीन घ्या म्हणणारा. मला दोघंही एकाच माळेचे मणी वाटतात. वाद्य वाजतं ठेवायचे कष्ट दोघांनाही नकोत.

सज्जाद हुसेन मेंडोलिनवर रागदारी वाजवायचे. पडद्याच्या वाद्यावर मींड काढायची म्हणजे तार दाबून आडवी ओढावी लागते, धातूवर धातू घासत. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांत कुडाळकर लहानपणापासून मेंडोलिन वाजवत मोठे झाले. असे हात रोज फिरत असतील तर पडदे किती दिवस टिकतील हे सांगायला आर्मरर लागत नाही. ज्या मेंडोलिनचे पडदे साठ वर्षांत झिजले नाहीत त्याचा अर्थ एवढाच, की ते कुणी वाजवलं नाही.

आता कामाकडे येतो, कारण आपल्या वाचकांत निवृत्त ईएमईवाले बरेच आहेत आणि ते विचारणारच.

रुंद चिरेचा प्रश्न चाचांनी असा सोडवला. एक वाट अशी, की चिरा शिसवीच्या पातळ कापांनी बुजवायच्या, नव्यानं करवतायच्या आणि टी तार बसवायची. दुसरी, चिरेच्या मापाची सपाट पट्टीच कापून घालायची, मूळ होती तशी. दुसरीला मेहनत जास्त, पण लाकडाला करवत लागत नाही. दुसरीच ठरली. मी मायक्रोमीटर नेला होता (माझा स्वतःचा. सरकारी वर्कशॉपमध्ये खासगी काम करायचं नाही, हा माझा नियम आहे, आणि सरकारी हत्यार बाहेर न्यायचं नाही हाही). सतरा चिरा, सतरांची मापं थोडी थोडी वेगळी. कागदावर कोष्टक केलं. चाचा हसले, पण नंतर तोच कागद बघत होते.

धातूवरून मात्र आमचं जुंपलं. मला जर्मन सिल्व्हर हवं होतं. तांबं, निकेल, जस्त यांचं ते मिश्रण, पितळेपेक्षा कठीण, म्हणून आजकाल बहुतेक पडदे त्याचेच. एकदा घातलं की मला पुन्हा बघायला नको. चाचा पितळेवर अडून बसले. माझीच बुशची गोष्ट त्यांनी माझ्यावर उलटवली! म्हणाले, मऊ आहे तर झिजू दे, तुम्ही वाजवलं हे कळायला नको का? शिवाय आवाज बदलेल, भाईसाहब नाराज होतील. दादाला न भेटता त्यांनी दादाची बाजू घेतली. जर्मन सिल्व्हर घातलं असतं तर काही बिघडलं नसतं, असं माझं आजही मत आहे. पण पितळ झालं.

जुने पडदे काढण्याची पद्धत बघण्यासारखी होती. कयेची इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, एकेका पडद्यावर अर्धा-एक मिनिट टेकवायची. धातू तापला की चिरेतला जुना सरस सैल होतो. मग तोंड घासून सपाट केलेली पक्कड लाकडाला चिकटवून धरायची आणि पडदा ओढायचा नाही, नुसता दाबत दाबत वर चढवायचा. घाई केली की लाकडाचा कपचा निघालाच. एकेक पडदा ते माझ्या हातावर ठेवत होते, पहिला, दुसरा, तिसरा. मी ते तंबाखूच्या रिकाम्या डबीत क्रमानं, कागदात गुंडाळून ठेवले.

दुसरा पडदा हातात आला तेव्हा मी उठून बाहेर गेलो. चारबागच्या चौकात ई-रिक्षावाले "आलमबाग, आलमबाग" ओरडत होते. पाच मिनिटं उभा राहिलो. परत आलो तेव्हा चाचांनी काही विचारलं नाही, चहा सांगितला होता.

नवीन पट्टी बसवताना खरा हिशेब मापाचा. पट्टी चिरेत सैल बसली तर उचलते. फार घट्ट ठोकली तर प्रत्येक पट्टी पाचरीसारखं काम करते, आणि सतरा पाचरी मिळून गळ्याला मागं वाकवतात. हाताच्या अंगठ्यानं अर्धी जाईल, उरलेली लाकडी हातोडीच्या दोन ठोक्यांत, असं माप हवं. एकेक पट्टी काचेवर पसरलेल्या पॉलिश पेपरवर घासून ते जमवत होते. मग सगळ्या पडद्यांच्या माथ्यावर काळी शाई, आणि वरून सपाट कानस. जिथली शाई गेली तो पडदा उंच, जिथं राहिली तो बुटका. शाई सगळीकडून सारखी जाईपर्यंत. मग त्रिकोणी कानशीनं माथे गोल, शेवटी टोकं तिरकी आणि पॉलिश. लोखंडी पट्टी तीन-तीन पडद्यांवर ठेवून डुलते का ते मी तपासलं. एका ठिकाणी डुलली. चाचांनी कान पकडले आणि परत बसले.

माझी चूक इथंच व्हायची होती. पडद्यांच्या मधल्या शिसवीवर अण्णांच्या बोटांनी वाटीसारखे उथळ खड्डे पडलेत. वर्कशॉपच्या सवयीनं मी म्हणालो, पडदे निघालेलेच आहेत तर रंधा मारून पूर्ण पाटी सपाट करून घेऊ. चाचांनी रंधा उचललाच नाही. म्हणाले, तार पडद्यावर टेकते, लाकडावर नाही. या खड्ड्यांनी सुराचं काही बिघडत नाही. मग कशाला? लाकूड गेलं तर परत येत नाही. सात वर्षं दादाला मी तांत्रिक गोष्टी सांगत होतो, आणि अण्णांची बोटं पितळेपेक्षा लाकडात जास्त आहेत हे मला एका लखनवी म्हाताऱ्यानं दाखवावं लागलं. तिथं शिसवीचा रंगही वेगळा आहे, घामानं काळपट झालेला.

काम आठ संध्याकाळ चाललं. त्या काळात दुकानात येणारं गिऱ्हाईक मी मोजलं, एकूण अकरा. चाचांचा मुलगा या धंद्यात नाही. दोष कुणाला देणार? भातखंड्यांनी १९२६ साली याच लखनौत संगीताचं महाविद्यालय उभं केलं, ते आज त्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. मुंबईच्या मराठी माणसाचं नाव कैसरबागेत वाचून ऊर भरून येतो. तिथून वाजवणारे बाहेर पडतात, त्यांची नावं पत्रिकेवर छापली जातात. त्यांच्या वाद्याचे पडदे कुणी बसवले हे कधी कुठल्या पत्रिकेवर वाचलंय? आमच्याकडे किमान हत्याराचं कार्ड असतं. कोणता भाग कधी बदलला, कुणी बदलला, सही. मी तसंच एक कार्ड करून मेंडोलिनच्या पेटीत ठेवलंय. पडदे सतरा, पितळ, सपाट पट्टी, प्रत्येकाची जाडी, महिना, चारबाग. चाचांनी उर्दूत सही केली. घरी असं जुनं वाद्य असेल त्यांनी हे जरूर करावं. पुढच्या मिस्त्रीचे चार दिवस वाचतील आणि तुमचं लाकूड वाचेल. तारा मात्र हलक्या वजनाच्याच घाला. जुन्या गोल पोटाच्या मेंडोलिनला हल्लीच्या जाड तारांचा ताण सोसत नाही, पडदे कितीही चांगले असले तरी.

सुट्टी मिळाली तशी पुष्पक पकडली, पुढं महालक्ष्मी, सकाळी मिरज. दादा स्टेशनवर आला होता. घरी पोचल्यावर आईनं चहा ठेवला आणि मी पेटी उघडली. दादानं चष्मा लावून पाहिलं. नवीन पितळ जरा जास्तच चमकत होतं. मी काही बोलायच्या आत त्यानं बोट फिरवलं, पडद्यांवरून नाही, मधल्या लाकडावरून. मग म्हणाला, "वाजीव."

वाजवलं. अण्णा वाजवायचे तेच, मेळ्यातलं. पूर्वी दुसऱ्या पडद्यावर भुंगा यायचा तिथं सूर आला. आवाज थोडा टणक आहे, ते मला मान्य आहे. आई आतून म्हणाली, "तार जरा उतरव रे, ते एवढी चढवत नव्हते." उतरवली.

डबीतले जुने पडदे दादाच्या हातात दिले. त्यानं मोजले, सतरा निघायला हवे होते, पंधराच निघाले. मला तो दुकानदार आठवला, दोन पडदे त्याच्याकडेच राहिले होते. मी गप्प बसलो. दादानं डबी देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली आणि विचारलं, "पैसं किती घेतलं त्यानं?"

"बावीसशे."

"लुटला की तुला," दादा म्हणाला, आणि म्हशीला वैरण टाकायला निघून गेला.